गावागावांनी मिळून पर्यटन करायचं म्हणजे नेमकं काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांकडून सारखे येणारे प्रश्न

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा अशा सगळ्या भागातल्या गावबैठकांमध्ये गेलं की तेच तेच प्रश्न येतात, आणि ते बरोबरच असतात, कारण पैसा लावायचा, घर उघडायचं, अनोळखी माणसं रात्री ठेवून घ्यायची म्हणजे काय खेळ नाही. म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून काढलीत. लांब झालंय, पण सावकाश वाचा आणि गावच्या ग्रुपवर टाका.

आमचं गाव एकटं करंल की, शेजारच्या गावांना कशाला घ्यायचं?

हा पहिला प्रश्न आणि सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोल्हापूरला येणारा माणूस आत्ता काय करतो बघा. सकाळी अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, मग पन्हाळा नाहीतर जोतिबा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, आणि रात्री शहरातल्या हॉटेलात झोप किंवा थेट पुण्याची वाट. म्हणजे आपल्या गावावरनं त्याची गाडी जाते, धूळ आपल्याला आणि पैसे दुसऱ्याला. तो आपल्याकडं थांबावा असं वाटत असेल तर त्याला दीड-दोन दिवस पुरेल एवढं काहीतरी पाहिजे, आणि एवढं एका गावात बहुतेक वेळा नसतंच. एका गावात धबधबा आहे पण राहायला नीट खोली नाही. दुसऱ्या गावात घरं ऐसपैस आहेत पण बघायला देऊळ सोडून काही नाही. तिसऱ्या गावात गुऱ्हाळ चालू आहे, चौथ्यात रानाची वाट माहीत असलेली चार पोरं आहेत. ही चार गावं वेगवेगळी राहिली तर चौघांचंही अपुरं, एकत्र आली तर पाहुण्याला दोन दिवस कमी पडतात.

आणि दुसरी गोष्ट, चाळीस माणसांची बस आली तर? एका वाडीत धड चार घरं तयार असतात. चाळीस माणसं चार घरांत कोंबायला गेलात तर पाहुणा पण वैतागणार आणि घरची बाई पण. तीच माणसं तीन गावांत वाटली की सगळ्यांना सोसतंय.

आमच्या गावात बघण्यासारखं काय हाय? ना किल्ला ना धबधबा.

हे वाक्य मी ज्या गावात ऐकलं नाही असं एक पण गाव नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याला रोजचं झालेलं असतं म्हणून ते दिसत नाही.

गुऱ्हाळ घ्या. आपल्याला त्यात काय? पण मुंबईतल्या पोरानं गूळ फक्त दुकानात बघितलेला असतो. त्याच्यासमोर ऊस घाण्यात जातोय, रस भल्यामोठ्या काहिलीत पडतोय, खाली चुलवाणात चिपाडं धडधडून पेटलीत, भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी काढली जातेय, आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या नुसतं बुडबुड्यांकडं बघून ओळखतोय, मग काहील ओतली की वाफ्यात तो सोनेरी लगदा थंड होतोय. गरम काकवी वाटीत घालून दिली की ते पोरगं आयुष्यभर विसरत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ही याच भागाची खासियत असा सरकारी शिक्का मिळालाय. गुऱ्हाळं मात्र वर्षागणिक बंद पडताहेत, ऊस कारखान्याला जातो, गुळाला दर नाही, कामाला माणूस मिळत नाही. हंगामात आठवड्याला दोन गट जरी गुऱ्हाळावर आले आणि त्यांनी तिथंच गूळ विकत घेतला, तरी त्या गुऱ्हाळवाल्याला हातभार लागतो.

तसंच आजऱ्याचा घनसाळ भात. २०१६ साली मानांकन मिळालंय, शिजताना वास शेजारच्या घरात जातो. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरायला शहरातली माणसं पैसे द्यायला तयार असतात. बेंदूर घ्या, ज्येष्ठात कर्नाटकी आणि आषाढात महाराष्ट्रीय, दोन्ही आपल्याकडं होतात, बैलांची शिंगं रंगवणं आणि मिरवणूक हे शहरात कुठं बघायला मिळणार? आणि भुदरगडातलं पाटगाव बघा, मौनी महाराजांच्या मठामुळं माहीत होतंच, पण आता ते ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं, महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर. मध तर आधीपासूनच होता, फरक एवढाच की गावानं मिळून तो पुढं आणला.

म्हणून पहिल्या बैठकीत म्हाताऱ्या माणसांना बोलवा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, कुठं आहे, जुनी विहीर कुणाच्या शेतात आहे, देवराईत कुठली झाडं आहेत, सोंगी भजन कोण म्हणतं, हे त्यांना माहीत असतं.

मग कुठली गावं एकत्र धरायची? तालुक्याप्रमाणं?

नाही. तालुका सरकारी कामासाठी ठीक आहे, पाहुणा रस्त्याप्रमाणं फिरतो. एका दिवसात आरामात फिरता येईल, मध्ये फार तर अर्धा-पाऊण तास गाडी, एवढी गावं धरा.

जिल्ह्यात असे पट्टे आपोआप पडलेलेच आहेत. जोतिबा, पोहाळ्याची लेणी, पन्हाळा आणि मसाई पठार हा एक. शिरोळात नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर. राधानगरीत धरण, राऊतवाडीचा धबधबा, दाजीपूरचं जंगल, पलीकडं काळम्मावाडी. शाहूवाडीत आंबा घाट, विशाळगड, पावनखिंड, बर्की. गगनबावड्याचा घाटमाथा. आणि खाली आजरा-चंदगड, तिथं रामतीर्थ, पारगडासारखा आजही वस्ती असलेला गड, काजूच्या बागा, आणि कोल्हापूरकडनं आंबोलीला जाणारी बरीचशी गर्दी तर आजऱ्यावरनंच जाते. ती गर्दी एक रात्र अलीकडं थांबवायची एवढंच करायचंय, आणि माझ्या मते जिल्ह्यात सगळ्यात जास्त वाव याच पट्ट्याला आहे, पण तिकडंच सगळ्यात कमी काम झालंय.

सुरुवातीला तीन गावं पुरेत. पंधरा गावांची यादी करून बसलात तर बैठकाच होत राहतात.

समिती कशी करायची? नोंदणी लगेच करावी लागती का?

लगेच नको. आधी प्रत्येक गावात ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करून घ्या. ठराव म्हणजे नुसता कागद नसतो, पुढं वनखात्याकडं, बँकेत, पंचायत समितीत गेल्यावर पहिला तोच मागतात. मग प्रत्येक गावातनं तीन-चार माणसं घ्या, त्यात निम्म्या बायका असू द्यात, कारण शेवटी घर कोण सांभाळणार हे सगळ्यांना माहीत आहे. सरपंच असावेत पण अध्यक्ष सरपंचच पाहिजे असं धरू नका, पाच वर्षांनी सरपंच बदलतो आणि काम बंद पडतं. एक हंगाम असं चालवून बघा, हिशोब वहीत लिहा, मग संस्था म्हणून नोंदवा नाहीतर सहकारी संस्था करा, जे तुमच्या भागातल्या माणसांना जमेल ते. कोल्हापूरला सहकार शिकवायची गरज नाही, दूध संस्था आपल्या गल्लीगल्लीत आहेत, रोज सकाळ-संध्याकाळ हिशोब ठेवायची सवय आपल्या माणसांना आहे.

शेजारचं उदाहरण बघायचं असेल तर साताऱ्याचं कास पठार. तिथं कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वनखात्याबरोबर मिळून फुलांचा हंगाम सांभाळायला घेतला. प्रवेश फी, पार्किंग, फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून पहारा, रोजच्या माणसांवर मर्यादा, ऑनलाईन बुकिंग, आणि ही सगळी कामं करायला त्याच गावांतली पोरंपोरी. अडचणी तिथं पण आहेत, वाहतूक कोंडी होते, वाद होतात, पण गावाला रोजगार मिळाला आणि पठार वाचवायला गावच उभं राहिलं हे खरं आहे. आपलं मसाई पठार पण संवर्धन राखीव झालेलं आहे, पावसाळ्यानंतर तिथं पण फुलं फुलतात. एकदा सगळ्यांनी गाडी करून कासला जाऊन या आणि तिथल्या समितीच्या माणसांशी बोला, दहा बैठकांपेक्षा जास्त कळेल.

पाहुणे कुणाच्या घरी पाठवायचे यावरनं भांडणं होत्यात, त्याचं काय?

होतात. आणि बहुतेक ठिकाणी काम मोडतं ते इथंच मोडतं, पैशाअभावी नाही. म्हणून हे पहिला पाहुणा यायच्या आधी ठरवून टाका.

पाळी लावा. घरांना नंबर द्या, पाहुणा आला की पुढचा नंबर, संपली गोष्ट. पाळीतलं घर त्या दिवशी रिकामं नसेल, घरात आजारपण असेल, लग्नकार्य असेल, तर त्याचा नंबर शेवटी न टाकता पुढच्या वेळी त्यालाच द्यायचा, नाहीतर माणसं अडचण लपवून पाहुणे घेतात आणि मग तक्रारी येतात. बुकिंगचा फोन एकच ठेवा, तो समितीचा. कुणी घरमालकानं परस्पर नंबर देऊन पाहुणे घेतले तर काय, हे पण आधीच लिहून ठेवा. आता एखादा पाहुणा म्हणाला की मागच्या वेळच्या मावशींकडंच जायचंय, तर त्याला जाऊ द्या, तो त्या मावशींच्या हाताचा मान आहे, पण मग त्यांची पुढची पाळी गेली असं धरा. हे सगळ्यांना पटतं, कारण सरळ आहे.

गावागावांतली पाळी पण तशीच. मुक्काम एका गावात असेल तर दुपारचं जेवण दुसऱ्या गावात, गाइड तिसऱ्या गावचा. असं मुद्दाम गुंफून ठेवलं की कुणाला दुसऱ्याचं वाईट व्हावं असं वाटत नाही. धबधबावाल्या गावाला वाटत असतं की लोक आमच्यामुळं येतात, खोलीवाल्यांना वाटतं आमच्यामुळं थांबतात. दोघांचंही खरं आहे, म्हणून दोघांनाही वाटा.

आणि भावकीतले वाद, पक्षाचे वाद, गटतट. ते राहणारच. त्यासाठी एकच सांगणं, वही उघडी ठेवा. महिन्याला चावडीत नाहीतर देवळात सगळ्यांसमोर हिशोब वाचा. कुणाला किती पाहुणे मिळाले, किती पैसे आले, फंडात किती. ज्याला संशय आहे त्यालाच एकदा वाचायला लावा.

दर किती ठेवायचा?

सगळ्या गावांत एकच. आकडा तुम्ही ठरवा, तेल-गॅस-भाजी-धुणं-वीज-स्वतःची मेहनत सगळं धरून. मेहनत धरायची विसरतात, बायकांची तर हमखास. एकदा दर ठरला की कुणी पन्नास रुपये कमी करून पाहुणा ओढायचा नाही, कारण एकानं कमी केला की दुसरा अजून कमी करतो आणि शेवटी पाहुण्याला बेचव जेवण मिळतं. त्यातनं शेकडा दहा गावांच्या सामाईक फंडाला काढा असं मी सुचवतो, त्यातनं कचरा, पाट्या, वाटेची डागडुजी, प्रथमोपचार हे निघतं.

परवानग्या काय काय लागत्यात?

घाबरू नका, पण टाळूही नका. शेतावर करणार असाल तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालापासून आहे, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते, किमान एक एकर शेती लागते. राहत्या घरातल्या खोल्या द्यायच्या असतील तर निवास-न्याहारी योजना आहे. जेवण देणार म्हणजे अन्न सुरक्षेची बेसिक नोंदणी काढा, बचत गटाच्या नावानं पण निघते. पाहुण्यांचं ओळखपत्र बघून रजिस्टरला नोंद करा, आणि परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाईन भरावी लागते, हे विसरू नका. जंगलात नेणार असाल तर वनखात्याला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालापासूनचं आहे आणि राधानगरीचं हे जंगल २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, तिथले नियम कडक आहेत आणि ते कडकच पाहिजेत. पावसाळ्यात ते बंद असतं.

पाट्या लावायला, रस्त्याकडेला टपरी टाकायला ग्रामपंचायतीची परवानगी. बाकी तलाठी, ग्रामसेवक यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा म्हणजे पुढं अडत नाही.

पैसे कुठनं आणायचे?

आधी एक सांगतो, खोल्या बांधू नका. खरंच नको. कर्ज काढून स्लॅबच्या चार खोल्या, वर पत्रा, रंगीत टाइल्स, असं बांधून ठेवलेलं आणि पाहुणाच नाही असं खूप ठिकाणी दिसतं. आहे त्या घरातली एक खोली स्वच्छ करा, शेणानं सारवलेली असली तरी चालेल, चादरी धुतलेल्या, मच्छरदाणी, चार्जिंगला पॉइंट. खर्च करायचा तो संडास-बाथरूमवर, दाराला आतनं कडी, दिवा, पाणी, बादली. शहरातल्या बायका हे पहिलं बघतात आणि त्यावरच पुन्हा यायचं का ते ठरवतात.

मग पुढचं. उमेद, म्हणजे गावातल्या बायकांच्या बचत गटांचं सरकारी अभियान, त्याच्या बचत गटांकडनं कर्ज मिळतं. बाईच्या नावावर व्यवसाय असेल तर पर्यटन संचालनालयाचं ‘आई’ हे महिला केंद्रित धोरण २०२३ पासून आहे, १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज ठराविक मर्यादेपर्यंत परत मिळतं. अटी नीट वाचून घ्या, कर्ज ते कर्जच.

जेवायला काय घालायचं? तांबडा-पांढरा तर पाहिजेच ना?

एक वेळ घाला, हरकत नाही, माणूस कोल्हापूरला आला म्हणजे त्याची अपेक्षा असतेच. पण तांबडा-पांढरा शहरात पण मिळतो. तुमच्या घरात मिळतं ते शहरात मिळत नाही. नाचणीची भाकरी, खर्डा, ताज्या दह्याची वाटी, रानभाज्या, हुलग्याचं माडगं, उन्हाळ्यात आंबील, आजऱ्याकडं असाल तर घनसाळचा भात आणि वर घरचं तूप. पश्चिमेच्या घाटमाथ्याचं जेवण वेगळं, शिरोळच्या काळ्या रानातलं वेगळं. नरसोबाच्या वाडीला गेलं की बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी. हा फरकच पाहुण्याला दाखवायचाय, सगळीकडं एकच थाळी केली तर दुसऱ्या गावात जायचं कशाला?

आणि पनीर करू नका. कुणीतरी सांगतं शहरातल्या लोकांना पनीर लागतं म्हणून, पण ते पनीर सोडूनच आलेले असतात.

सगळा भार बायकांवरच पडणार, हो ना?

पडतो, आणि हे कुणीतरी मोठ्यानं बोललं पाहिजे. धारा काढायच्या, शेतात जायचं, पोरांचं बघायचं आणि वर सहा पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायच्या. म्हणून जेवणाचे पैसे थेट त्या बाईच्या नाहीतर बचत गटाच्या खात्यात गेले पाहिजेत, घरमालकाच्या नाही. मोठा गट असेल तर प्रत्येक घरात वेगळा स्वयंपाक करण्यापेक्षा चार-पाच जणींनी एका ठिकाणी करायचा. आठवड्यातला एक दिवस पाहुणे नाहीत म्हणजे नाहीत. आणि घरातल्या माणसांनी भांडी घासायला हात लावावा, पाहुण्यांसमोर लावला तर अजूनच चांगलं.

पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला, त्याचा आम्हाला काय उपयोग?

जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या काळातल्या बारा किल्ल्यांना मिळून जागतिक वारसा दर्जा मिळाला, अकरा आपल्या राज्यातले आणि तमिळनाडूतला जिंजी, आणि त्यात आपला पन्हाळा आहे. आता बाहेरची माणसं वाढणार हे नक्की. पण गडावर खोल्या किती, पार्किंग किती? गडावरची जागा वाढणार नाही आणि वाढवू पण नये. म्हणजे राहायची, जेवायची, फिरायची सोय पायथ्याच्या आणि आसपासच्या गावांनीच केली पाहिजे, नाहीतर ती बाहेरनं येऊन कुणीतरी जमीन घेऊन करणार. जमिनी विकू नका हे तर मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

आणि किल्ला म्हणजे नुसता तटबंदीपुरता नाही. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं महाराज निघाले, विशाळगडाकडं गेले, बाजीप्रभू आणि बांदलांनी खिंड लढवली, ती सगळी वाट आपल्या गावांमधनं जाते. मसाई पठारावरनं करपेवाडी, पांढरपाणी करत पावनखिंड. दर जुलैत हजारो माणसं ती वाट भर पावसात चालतात. वाटेवरच्या वाड्यांनी त्यांना चहा, पाणी, मुक्काम दिलेला आहे, आपुलकीनं दिलेला आहे. पण जुलैमधले दोन-चार दिवस सोडले तर वर्षभर ती वाट मोकळी असते. थंडीत तीच वाट किती सुंदर असते! त्या सगळ्या वाड्यांनी मिळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी छोटे गट आणले, दोन मुक्काम, प्रत्येक टप्प्याला त्या वाडीचा वाटाड्या, तर तो महाराष्ट्रातला सगळ्यात भारी चालायचा रस्ता होईल असं मला अगदी मनापासून वाटतं.

गाइड कुणाला करायचं?

गावातल्याच पोरापोरींना. पण पाठ करून काहीतरी ठोकून द्यायचं नाही. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाचे ४८ खांब मोजून दाखवा, वर गोल आभाळ उघडं आहे ते दाखवा, बाहेरच्या बाजूला हत्ती आहेत ते दाखवा, शिवाच्या देवळात समोर नंदी नाही हे सांगा, एवढ्यानं माणूस थक्क होतो, वर आणि भुयार-खजिन्याच्या गोष्टी जोडायची गरज नाही. लोककथा सांगा, पण लोककथा म्हणून सांगा. शिवाजी विद्यापीठात आणि शहरात इतिहासाचा, शिल्पांचा, पक्ष्यांचा अभ्यास असणारी माणसं आहेत, त्यांना दोन दिवस गावात बोलवा, आनंदानं येतात.

कारागिरांना यात कसं घ्यायचं?

दुकान टाकून नाही, त्यांच्या घरी नेऊन. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मानांकन मिळालं, त्यात आपल्यासह महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि आधी आपलं नाव पण घेतलं नव्हतं, मग केवढा गदारोळ झाला. जगाला ती चप्पल पाहिजे, मग करणाऱ्याचा चेहरा पण जगाला दिसू दे. पाहुणा तासभर बसून कातडं कापताना, वेणी घालताना, टाके मारताना बघतो, तेव्हा तो भाव करत नाही. मात्र बघायला आलेल्या वेळेचे वेगळे पैसे त्या कारागिराला द्यायचे, कारण तेवढा वेळ त्याचं काम थांबतं. हुपरीच्या चांदीकामाला पण हेच लागू.

पावसाळ्यात करायचं का बंद ठेवायचं?

पश्चिमेच्या भागात पावसाळा हाच सगळ्यात देखणा काळ आणि तोच सगळ्यात धोक्याचा. धबधब्यावर दरवर्षी जीव जातात, त्यामुळं इथं मी अजिबात मवाळ बोलणार नाही. प्रशासनानं बंदी घातली की बंदी, ‘आमचा पाहुणा आहे सोडा’ असं कुणी म्हणायचं नाही. पाण्यात उतरू न देणारा गावचा माणूस दोरी आणि शिट्टी घेऊन उभा पाहिजे, त्याला फंडातनं पगार. कोसळत्या पावसात जायचं नाहीच, वरच्या अंगाला पाऊस झाला की खाली ऊन असलं तरी लोंढा येतो हे गावच्या माणसाला कळतं, शहरातल्याला नाही.

पूर्वेकडं प्रश्न पुराचा. २०१९ आणि २०२१ आपण विसरलेलो नाही. शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावांनी जुलै-ऑगस्टची बुकिंग घेतानाच पाहुण्याला सांगून ठेवायचं की पाणी वाढलं तर रद्द होईल, पैसे परत मिळतील. इथं पण शेजारची गावं कामी येतात, खालच्या गावात पाणी आलं तर पाहुणे वरच्या गावात हलवता येतात. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो तेव्हा गर्दी लोटते, कृष्णेचं पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरनं जाऊन दक्षिण दारानं बाहेर पडतं, भाविक स्नानाला येतात, पण त्याची तारीख नदी ठरवते, म्हणून त्याचं पॅकेज विकू नका.

दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांचं काय करायचं?

बुकिंगच्या वेळीच नियम पाठवा. दारू नाही, डीजे नाही, रात्री दहानंतर आवाज नाही. पैसे बुडाले तरी चालतील, असल्या लोकांना घ्यायचं नाही, आणि हे सगळ्या गावांनी मिळून पाळलं तरच जमतं, एकानं नाही म्हटलं आणि दुसऱ्यानं घेतलं तर काय उपयोग? बायका-पोरी मोकळेपणानं फिरू शकतील असं गाव ठेवणं हे कुठल्याही उत्पन्नापेक्षा मोठं आहे.

कचऱ्याचं पण तसंच. प्लास्टिकच्या बाटल्या विकायच्याच नाहीत, माठ आणि तांब्या द्या.

ऑनलाईन प्रसिद्धी कशी करायची?

गुगल मॅपवर ठिकाण नीट टाका, रस्ता बरोबर दाखवतोय का ते स्वतः चालवून बघा. फोटो खरे टाका, तुमच्याच घराचे, तुमच्याच ताटाचे. रील करणाऱ्यांना बोलवा पण देवराई, पाणवठे, गव्यांच्या जागा यांचं लोकेशन टाकू देऊ नका. मे अखेरीला राधानगरीकडं काजवे चमकतात तेव्हा तर गाड्यांचे दिवे आणि मोबाईलचे फ्लॅश बंदच पाहिजेत, उजेडात काजव्यांना एकमेकांचा इशारा दिसत नाही आणि त्यांचं मीलनच होत नाही.

शेती सोडून हेच करायचं का?

अजिबात नाही. पाहुणा शेती बघायलाच येतोय.

पैसे कधी दिसायला लागतात?

पहिल्या हंगामात फार काही नाही, खर्च निघाला तरी खूप झालं. दुसऱ्या वर्षी तीच माणसं आपल्या मित्रांना घेऊन परत येतात, तिथून कळायला लागतं. सुरुवात छोटी करा, आधी शहरातल्या ओळखीच्या दोन-तीन कुटुंबांना बोलवा, पूर्ण पैसे घ्या आणि जाताना काय आवडलं नाही ते लिहून घ्या. तोंडावर लोक गोडच बोलतात, म्हणून लिहूनच.

आणि तारीख पाहिजे असेल तर, २ ऑक्टोबरची ग्रामसभा चांगली. पाऊस ओसरलेला असतो, गुऱ्हाळं पेटायची असतात, थंडीचा हंगाम पुढं असतो. त्याआधी शेजारच्या दोन गावांच्या सरपंचांशी बोलून तिघांच्या ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव घ्या. मसुदा साधा ठेवा: कुठली गावं, कुठली माणसं, पाळी कशी, फंड किती, हिशोब कधी वाचायचा.